मुसळातून निघालेले किडे

रविवारी सकाळी कुरखेडा तालुक्यातल्या त्या गावी, इसबाचे किडे काढणाऱ्या डोमा महाराजांच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध पाण्याची परात, परातीत वीट, विटेवर लाल तापवलेला लोखंडाचा तुकडा. महाराजांनी त्यावर तुपात कालवलेलं चिमूटभर औषध टाकलं. धूर उसळला. त्यांनी लहानग्या खुशबूचा हात धुरावर धरला आणि वरून घोंगडं टाकलं.

खुशबूला तान्हेपणापासून इसब. कोपराच्या खोबणीत कातडी चिरलेली, आता तिच्यावर पिवळी खपली आणि पाणी. पोर झोपेतही ओरबाडायची. आई वच्छला तिचे हात धरून बसायची.

"निघा रे हरामखोरहो!" महाराज गरजले. "पोरीचं रगत पिऊन मस्तावले. आता डोमाचा धूर प्या!"

घोंगडं निघालं. परातीत बारीक, पांढऱ्या, वळलेल्या अळ्या तरंगत होत्या. पाणी हललं की त्याही हलत.

"बाप्पा! इतके किडे?" म्हातारे इसरूभाऊ मागे सरकले.

"अजून लय आहेत," महाराज म्हणाले. "आजचा धरून पाच रविवार या. तोवर आंघोळ नाई, तेल नाई, डॉक्टर नाई. तेलानं किड्याइले खुराक भेटते. सुई टोचली तर भेवानं डोक्यात चढतीन."

वच्छला खुशबूला रोज मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं तेल लावायची. ती बाटली तिने त्याच दिवशी शेजारणीला देऊन टाकली.

पुढच्या रविवारी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉ. हर्षा मेश्राम आल्या. मांडवासमोरच्या झाडाखाली त्यांनी तशीच परात मांडली, तसंच लोखंड तापवलं. शेताच्या बांधावरून तोडून वाळवलेल्या भुईरिंगणीच्या बिया तुपात कालवल्या.

"इसरूभाऊ, तुमच्या घरचं मुसळ आणता?"

"मुसळ? कायले जी?"

"त्याला धूर द्यायचा आहे."

मुसळ आलं. धुरावर धरलं, घोंगड्याने झाकलं. घोंगडं काढलं, तर परातीत तशाच पांढऱ्या अळ्या.

"इसरूभाऊ, तुमच्या मुसळाले इसब झाला नं!" कोणीतरी ओरडलं. हशा उसळला. इसरूभाऊंनी मुसळ उलटसुलट करून निरखून पाहिलं.

डॉक्टरांनी भिजवलेली एक बी ब्लेडने चिरली. आतून तसाच वळलेला पांढरा धागा निघाला. "रोपांच्या पऱ्ह्यासाठी धान भिजवता, मोड येतो. हा तसाच भुईरिंगणीच्या बीतला कोंब. बी तापली की फुटते आणि तो पाण्यात उडतो. पोरीच्या हातातून काही निघालेलं नाही."

धानाचे मोड दरवर्षी हाताने चाळवणारी माणसं चिरलेली बी बघायला पुढे सरकली. मांडवातला धूरही विझला होता.

मग वच्छलाने विचारलं, "म्हंजे पोरीच्या अंगावर किडे नाईच का, बाई?"

नाहीत, एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण डॉक्टर खरं बोलल्या. "डोळ्यांना दिसत नाहीत असे जंतू सगळ्यांच्याच कातडीवर असतात. बरेचसे निरुपद्रवी, काही तर आपली राखण करतात. इसबात कातडी कोरडी पडून चिरते. मग राखण करणारे कमी होतात आणि एका जातीचे जंतू माजतात. खुशबूची पिवळी खपली त्यांचीच. तिला औषध पाहिजे. रोज आंघोळ पाहिजे, कातडी ओलसर राहायला मलम पाहिजे."

"ऐका, ऐका!" महाराजांनी टाळी वाजवली. "डॉक्टरीणबाई बी किडे आहेत म्हणूनच सांगून राह्यली! फरक इतकाच, मी काढून दाखवतो, इले दाखवता येत नाई!"

लोक पुन्हा हसले. आता डॉक्टरांवर.

"वच्छलाबाई, पोरीला आजच घेऊन चला. गाडी उभी आहे."

वच्छलाने गाडीकडे पाहिलं, मग मांडवाकडे. "आजचा धरून चार रविवार राह्यले, बाई. मधातच सोडलं अन् डोक्यात चढले, तं मी काय करू?" पोरीला कडेवर घेऊन ती मांडवात गेली. डॉक्टर रिकामी परात धरून उभ्या राहिल्या.

चौथ्या रविवारी खुशबू मांडवात आलीच नाही. हात खांद्यापर्यंत सुजला होता, तापाने पोर कुणाला ओळखत नव्हती. खपलीतले जंतू रक्तात उतरले होते. गडचिरोलीच्या दवाखान्यात तिला सलाईन लागली. महाराज तोवर मांडव उचलून वडशा गावाकडे निघून गेले होते.

डॉ. हर्षा भेटायला गेल्या तेव्हा प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून त्यांनी वच्छलाला खपलीतले जंतू दाखवले. जांभळे ठिपके, घोसाघोसाने.

"इतकुसे?"

"इतकेच."

"अन् हे तुमच्या अंगावर बी असतीन?"

"असतील."

"मंग माह्याच पोरीले काऊन?"

तिची कातडी जन्मतः नाजूक, एवढंच डॉक्टर सांगू शकल्या. ती तशी का, याचं पुरतं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. महाराजांकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर होतं. वच्छला परत जाऊन खाटेशी बसली आणि खुशबूचे हात धरले. खाजवायची ताकद त्या हातांत उरली नव्हती.

हे लिहीपर्यंत ताप उतरलेला नाही.

परातीतला चमत्कार सगळ्यांना दिसतो, खरा जंतू दिसत नाही. विज्ञान इथेच हरतं. म्हणून एवढंच सांगणं आहे: कोणी धूर दिला, किडे काढले, तर लेकराचा हात पुढे करण्याआधी तिथे एकदा लाकूड धरून बघा. लाकडातूनही किडे निघाले, तर लेकराला उचला आणि दवाखाना गाठा. त्याच दिवशी.