वर्णनासकट फाइल

सासऱ्यांच्या मनगटाला प्लास्टर चढलं, त्या दिवशी घरात ठरलं की यापुढे कागद बंद.

ते मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर लोकांच्या जमिनींच्या हद्दी मोजल्या आणि निवृत्तीनंतर जिओकॅशिंगचा नाद लागला. म्हणजे कोणीतरी पुलाखाली नाहीतर झाडाच्या ढोलीत एक डबी लपवून ठेवतो, तिचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकतो, आणि बाकीचे जीपीएसचं यंत्र हातात धरून ती शोधत हिंडतात. सापडली की आतल्या चिठ्ठीवर सही करायची, डबी होती तिथेच ठेवायची आणि घरी यायचं. मिळत काहीच नाही. पण म्हातारा माणूस सकाळी बाहेर पडतो, चार मैल चालतो आणि भूक लागून परत येतो, म्हणून घरचे खूश होते.

फक्त ते प्रत्येक डबीचं सगळं वर्णन छापून न्यायचे. जागेची माहिती, लपवणाऱ्याने दिलेली खूण, आधी येऊन गेलेल्यांचे शेरे. एका डबीला चार-चार पानं. त्या दिवशी वाऱ्याने पानं उडाली, ती धरायला ते धावले आणि कालव्याच्या उतारावरून घसरले, असं त्यांनी सांगितलं. मुलगा म्हणाला, सगळं यंत्रात भरा, नाहीतर घरी बसा. एवढं बोलून तो डबा घेऊन कामावर गेला. भरायचं कोणी, हे न बोलताच ठरलं.

सून दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. दिवसभर मेणात दात रोवायचे, कानशीने घासायचे, अर्ध्या मिलिमीटरसाठी तिसऱ्यांदा घासायचे. असलं बारीक काम करणाऱ्या बाईला एक फाइल यंत्रात टाकणं काय अवघड, असं तिलाही वाटलं होतं.

पहिल्या संध्याकाळी तिने वेबसाइटवरून चाळीस डब्यांची फाइल उतरवली, वायर जोडली, यंत्रात भरली आणि सासऱ्यांच्या हातात दिली. त्यांनी यंत्र डोळ्यांपासून लांब धरलं, मग जवळ आणलं.

"वर्णन कुठंय?"

वर्णन नव्हतं. चाळीस नावं आणि चाळीस ठिकाणं, बस. एलओसी नावाच्या फाइलमध्ये तेवढंच मावतं, वर्णन आणि खुणा हव्या असतील तर जीपीएक्स घ्यायची, हे तिला दोन तास शोधल्यावर कळलं. वेबसाइटवर दोन्हींची बटणं शेजारी-शेजारी होती आणि फरक कुठेही लिहिला नव्हता.

दुसऱ्या संध्याकाळी जीपीएक्स. फाइल गेली, पण सासऱ्यांचं यंत्र इतकं जुनं की प्रत्येक नावाची पहिली काही अक्षरं ठेवून बाकीचं ते छाटून टाकायचं. पाण्याच्या टाकीजवळच्या सहा डब्या होत्या, सहाही 'पाण्याच्या' झाल्या. मग फाइल बदलून देणारी सॉफ्टवेअर आली. पहिलं चालण्यासाठी आधी दुसरं टाकावं लागत होतं. दुसऱ्याने वर्णन घेतलं पण खूण गाळली. तिसऱ्याने सगळं घेतलं आणि आपल्या लिपीचे नुसते चौकोन करून दाखवले. पानभर चौकोन. सासरे ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, हे त्या मानाने बरं आहे.

ती नवऱ्याला म्हणाली की तुझ्या वडिलांना मी एक दिवस यंत्रासकट कालव्यावर सोडून येईन. नवरा म्हणाला, तुमचं तुम्ही बघा.

तिसऱ्या आठवड्यात तिने यंत्राचा नाद सोडला आणि नवऱ्याचा जुना फोन काढला. त्यात एक ॲप मिळालं, जे जीपीएक्स जशीच्या तशी उघडायचं, नेट नसतानाही, अक्षर न अक्षर नीट. तिला वाटलं, सुटले. सासऱ्यांनी फोन घेतला, आणि रोज एक तक्रार सुरू झाली. हातातून निसटतो. उन्हात दिसत नाही. शेरे खालून वर आहेत. काळ्यावर पांढरं नको, पांढऱ्यावर काळं कर. केलं, तर म्हणाले, आधीचं चांगलं होतं. ती विचारायची की नेमकं काय हवंय ते तरी सांगा. ते म्हणायचे, कागदासारखं पाहिजे. या सगळ्यात तिने एका गिऱ्हाइकाच्या कवळीत डावा सुळा उजवीकडे बसवला. अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. प्रयोगशाळेच्या मालकीणबाईंनी नुसता तो सुळा चिमट्यात धरून तिच्यापुढे ठेवला.

प्लास्टर निघाल्यानंतरच्या रविवारी तीच म्हणाली, "चला बाबा, मी येते बरोबर. जे काय अडतं ते माझ्यासमोर अडू दे."

डबी जुन्या दगडाच्या खाणीजवळ होती. फोन सासऱ्यांच्या हातात, सून मागे. ठिकाणापर्यंत ते फोनवरच्या मोठ्या बाणाच्या जोरावर झकास पोचले; मोजणीवाल्याचे पाय, चुकतील कसे. एक पडकं चौकीचं घर, तारेचं कुंपण, सगळीकडे काटेरी झुडपं. तिने विचारलं, खूण काय लिहिली आहे. त्यांनी फोन तोंडासमोर धरला, बोट फिरवलं आणि सांगितलं, "खांबामागे. गुडघ्याच्या उंचीवर."

कुंपणाला एकोणीस खांब होते. तिने एकोणीसही खांबांच्या मागे हात घातला. ओढणी दोनदा अडकली, दुसऱ्यांदा फाटली. चाळीस मिनिटांनी ती परत आली, हातांवर ओरखडे, आणि म्हणाली, द्या बघू इकडे.

फोनवर लिहिलं होतं: 'तिसऱ्या पायरीखाली.'

तिने वर पाहिलं. ते खाणीकडे बघत उभे होते.

"बाबा, हे काय लिहिलंय?"

"मी वाचलं ना मघाशी."

"आता वाचा."

ते म्हणाले, "बहुतेक डब्या खांबामागेच असतात."

तिच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. चार-चार पानं लागायची ती वर्णन मोठं म्हणून नाही, अक्षरं बोटाएवढी छापायचे म्हणून. घरात सगळे त्यांना कागदाची नासाडी करता म्हणून चिडवत होते. आणि त्या दिवशीचा वारा.

"कालव्यावर कागद उडालेच नव्हते, हो ना?"

"उडाले होते," ते म्हणाले. "पण पडल्यावर. उतार कुठे सुरू होतो ते दिसलं नाही."

ती चौकीच्या पायरीवर बसली. राग इतका आला होता की तो कुठून सुरू करावा ते कळेना. तीन आठवडे ती फाइलींशी डोकं फोडत होती, एलओसी काय, जीपीएक्स काय, चौकोन काय, आणि दोष एकाही फाइलचा नव्हता. तिने विचारलं, "सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर एकट्याला जाऊ दिलं असतं?"

"नसतं दिलं."

"मग?"

त्याचाही तिला राग आला. ते तिच्या शेजारी येऊन बसले. म्हणाले की शेतकऱ्यांच्या बांधावर उभं राहून पन्नास पावलांवरचा दगड सांगायचो, आता ताटातलं मीठ कुठे आहे ते चाचपावं लागतं. हे त्यांनी कुरकुर न करता, नकाशावरची गोष्ट सांगावी तसं सांगितलं. तिने त्यांचा दुखरा हात जपून बाजूला केला, वाकली आणि पायरीखाली चाचपलं. डबी होती. चिठ्ठीवर सही करताना त्यांची अक्षरं आधीच्या तिघांच्या नावांवर चढली.

तपासून घेतल्यावर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, चांगला पिकलेला. डॉक्टरांनी ऑपरेशनसाठी महिनाभरानंतरची तारीख दिली. तोवर तिने फाइलमधलं वर्णन साध्या मजकुरात काढलं आणि फोन तो वाचून दाखवेल अशी सोय केली. त्यावरही तक्रार आलीच. फोनमधली बाई न विचारता खूण आधीच सांगून टाकते, मग शोधायचं काय. तिने प्रत्येक खूण कापून वेगळ्या फाइलमध्ये ठेवली. आणि एकटं जायचं नाही, या अटीवर दर रविवारी ती बरोबर गेली.

पहिल्या डोळ्याची पट्टी निघाली त्या दुपारी ती प्रयोगशाळेत होती. फोन वाजला. नवऱ्याचा असेल म्हणून तिने मेणाचे हात पुसून घाईने उचलला.

"या ॲपमध्ये अंतर सरळ रेषेत दाखवतात," सासरे म्हणाले. "मधल्या टेकडीचा विचारच नाही. मी सगळं वाचलं. दुसरं एखादं सॉफ्टवेअर नाही का?"

"बाबा, दिसतंय का नीट?"

"दिसतंय म्हणून तर सांगतोय."

तिने पुढ्यातली कवळी बाजूला सरकवली आणि सांगितलं की घरी आल्यावर बघते, तोवर कशालाही हात लावू नका.