तांबडीचा शेवटचा गर्भ

सुभद्राबाईचे पाय पार गळून गेले होते. सकाळपासून तिनं अख्खं धामणगाव बढे पालथं घातलं, अन् जिथं जावं तिथं तेच. ही गाय गाभण, ती भाकड, तिसरी माजावरच आली नाही. जीव नुसता विटून गेला होता तिचा.

तिची तांबडी याच आठवड्यात साप चावून मेली. काय गाय होती म्हणता! म्हातारपणी गाभ धरेना, म्हणून मरायच्या दोनच दिवस आधी डॉक्टर अनुपमानं तिची बीजं सुईनं काढून नेली होती. प्रयोगशाळेत, काचेच्या बशीत, वळूच्या वीर्याशी त्यांचा मेळ घालून, उबेला ठेवून त्यांचे गर्भ वाढवले. एकेक करत सगळे विरले, एकच तगला. तो आजच कुठल्यातरी गाईच्या पोटात घालायला हवा होता.

"गोठवून ठेव ना, पोरी," सुभद्राबाई फोनवर काकुळतीला आली होती.

"फार नाजूक आहे, मावशी. गोठवला तर जाईल. आठवड्यापूर्वी माजावर आलेली गाय शोधा, तिचंच पोट आता हा गर्भ धरील. आज संध्याकाळपर्यंत."

अशी गाय गावात निघाली एकच. अन् ती कुठं बांधलेली, तर छायाच्या गोठ्यात!

छाया म्हणजे सुभद्राबाईची धाकटी जाऊ. लेकरू नाही बिचारीला. नातवाच्या बारशात तिनं हौसेनं पाळण्याची दोरी धरली, तर सुभद्राबाईनं ती चारचौघींत हिसकावली. 'वांझेचा हात नको,' म्हणाली. जिभेला हाड नाही ना बाईच्या! तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं.

जाऊ नये असंच तिला वाटत होतं. पण घरची रिकामी दावण आठवली अन् ती छायाच्या दारात जाऊन उभी राहिली.

छाया कडबा टाकत होती. सुभद्राबाईनं खाली मान घालून सगळं सांगितलं.

"माह्या घरचं पोट चालते का तुमाले, बाई?" छायानं विचारलं.

सुभद्राबाईनं हात जोडले. "चुकलं माह्यं, छाया. लय वाईट बोलली मी तुले."

छाया बराच वेळ गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग तिनं दावं सोडलं अन् गाय अंगणात आणून बांधली.

"बोलवा डॉक्टरणीले. पण वासरू झालं की पयला हात मी लावीन त्याले."

"हाव," सुभद्राबाई म्हणाली, अन् तिथंच मातीत बसून रडायला लागली. "तूच लाव, माय."