भरीव झाडांचं रान

कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूनं शालीकरामनं येनाच्या झाडाच्या बुंध्यावर ठोका घातला आणि कान लावला. आत घुमलं. वर ढोलीतून पिंगळ्यानं तोंड काढून खाली बघितलं.

"भरीव हाय," शालीकराम म्हणाला.

एकतीस वर्षांच्या रोजंदारीत तो पहिल्यांदा खोटं बोलला. कोहमाऱ्याच्या रानात झाड पोकळ की भरीव, हे नुसत्या ठोक्यावरून सांगावं तर त्यानंच. पोकळ म्हणजे रोगी, रोगी म्हणजे आधी तोडा, असा नियम. पोकळीत कोणी राहतं का, हे नियम लिहिणाऱ्यानं विचारलं नाही. त्याचं घर सिमेंटचं.

वनखात्याचा गार्ड भुपेंद्र, त्यानं लाल रंगाचा डबा खाली ठेवला. "मामा, सठिया गये क्या? ढोली मले इथून दिसून राहिली."

"पिल्लं हायेत बाबू. दोन. पंधरा रोज थांब, उडून जातीन."

"अन् लिस्टमंदी काय लिहू? भाडेकरू हायेत म्हणून?"

"लिही ना. साहेबाले वाचता येते का नाही, तेवढं तरी समजन."

भुपेंद्र हसला. मग बुंध्यावर लाल पट्टा ओढत म्हणाला, "तुमीच त शिकवलं मले. घुमलं का पट्टा मार. आता काऊन तोंड पाडून राहिले?"

असे किती पट्टे शालीकरामच्या कानानं मारले होते, त्यालाच ठाऊक.

दुपारी कटरवाले आले. पाच मिनिटांत येन आडवा. ढोली फुटली. एक पिल्लू लाकडाखाली गेलं. दुसरं धुगधुगत होतं, ते शालीकरामनं गमछ्यात घेतलं.

"कोठं निघाले?" भुपेंद्रनं विचारलं.

"याले घर पायतो."

"हाजरी कापीन, मामा."

"काप."

कुऱ्हाड उलटी धरून तो झाडामागून झाड ठोकत निघाला. धावडा. बीजा. पुन्हा येन. ठक्क. ठक्क. कुठंच घुमेना. सगळं रान भरीव, निरोगी, कागदावर पाहिजे होतं अगदी तसं. पिंगळ्यांची जोडी फांदीफांदीवरून त्याच्या मागं येत होती.

ऊन उतरलं तेव्हा तो नाल्यापाशी पोहोचला होता. गमछा छातीशी धरून त्यानं एका मोहाला ठोका घातला. कान लावला. हाही भरीव.

मग पुढच्या झाडाकडे गेला.