रिकामं कॅरिअर

"अहो, त्या ब्रशनं काय घोडं मारलंय तुमचं?" सुनेत्रानं विचारलं.

शशिकांत मोरीच्या कट्ट्यावर बसून हॅकसॉच्या पात्यानं टूथब्रशची दांडी कापत होता.

"तेवढंच वजन कमी. दात घासायला दांडी कशाला लागते?"

"मग दात तरी कशाला नेताय? ठेवा इथेच."

तो हसला. आज तो कशालाही हसला असता. सायकलवरून हरिहरेश्वरला जायचं, समुद्र बघायचा, असं तो इतकी वर्षं म्हणत होता की लोकांनी त्याची थट्टा करणंही सोडून दिलं होतं. यंदा मात्र कारखान्यात रजा मंजूर झाली होती आणि शेजारच्या लेथवरचा मधूही तयार झाला होता. पन्नाशी दारात आली होती. गुडघा रात्रीचा ठणकायचा. ते त्यानं फक्त मधूला सांगितलं होतं. सुनेत्राला कळलं असतं तर तिनं उंबरा ओलांडू दिला नसता. यंदा नाही तर कधीच नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

सामानाचा नियम त्याचाच. वाटेत घाट आहेत, तेव्हा कॅरिअर रिकामं हवं आणि कुठलीही वस्तू दोघांत मिळून एकच हवी. पंप, चपटं छोटं पातेलं नि दोन मुठी तांदूळ शशिकांतकडे. स्टोव्ह, ताडपत्री नि पंक्चरचं सामान मधूकडे. पंचासुद्धा फाडून त्यानं अर्धा मधूला दिला होता. आपल्या वाटचं सगळं मावेल अशी जीन्सच्या कापडाची पिशवी त्यानं उल्हासनगरातल्या एका सिंधी शिंप्याकडून शिवून घेतली होती. ती सायकलच्या दांड्याखाली अशी चपखल बसायची की दिसायचीसुद्धा नाही. "साईं, इसमें तो बच्चे का टिफिन भी नहीं आएगा," असं शिंपी म्हणाला, ती शशिकांतला शाबासकीच वाटली.

"एकमेकांशिवाय पान हलणार नाही तुमचं," सुनेत्रा म्हणाली.

"तीच तर गंमत आहे."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तो शिवमंदिरापाशी पोचला. इथूनच निघायचं ठरलं होतं. बेलफुलांची दुकानं उघडली. एक चहा झाला, दुसरा झाला. मध्याला जाग आली नसेल, टायर बसला असेल, वहिनींना बरं नसेल... मित्राच्या वतीनं सबबी शोधून शोधून तो दमला. उन्हं चांगली वर आली तेव्हा त्यानं सायकल वळवली आणि रूळ ओलांडून पश्चिमेला मधूची चाळ गाठली.

मधूची बायको कुंदा गॅलरीत गहू निवडत होती.

"या शशीभाऊजी! गुडघा कसा आहे आता?"

"गुडघा?"

"डॉक्टरनी सायकल बंद केली ना तुमची? हे सांगत होते. फार वाईट वाटलं हो मला. मग कारखान्यातल्या साहेबांनी ह्यांना विचारलं. त्यांचा सायकलवाल्यांचा ग्रुप चाललाच होता, तुमच्याच रस्त्यानं, हरिहरेश्वरला! मागे सामानाला जीप आहे. काल दुपारीच निघाले. तुमचं सामान तेवढं ठेवून गेलेत बघा."

तिनं आतून पिशवी आणली. स्टोव्ह, ताडपत्री आणि वर नीट घडी केलेला अर्धा पंचा.

डॉक्टरची पायरीही शशिकांत चढला नव्हता. विश्वासानं सांगितलेलं दुखणं मध्यानं असं वापरलं होतं. नको असलेलं ओझं काढून टाकावं तसं त्यानं शशिकांतलाच काढून टाकलं होतं, आणि वर पंच्याची नीट घडी घालून ठेवली होती. सगळं भडाभडा बोलून टाकावं, असं त्याला वाटलं. एक वाक्य पुरलं असतं. पण कुंदा खरोखरीच्या काळजीनं त्याच्या गुडघ्याकडे बघत होती. नवऱ्याचं खोटं तिच्या पदरात टाकायला त्याची जीभ उचलेना.

"हो वहिनी," तो म्हणाला. "बंद म्हणालेत डॉक्टर."

"मग ही सायकल?"

"हातानंच ढकलत आणलीय. बाजारात चाललो होतो."

कुंदानं खाली अंगणातल्या सायकलकडे पाहिलं. तिला कसलाच संशय आला नाही. हा माणूस गावाला निघालाय असं वाटण्यासारखं सायकलवर काही नव्हतंच.

"मग एक काम कराल? दळणाचा डबा गिरणीत टाकाल? ह्यांच्या गडबडीत राहूनच गेलं. कॅरिअर रिकामंच दिसतंय तुमचं."

"द्या."

सहलीसाठी आणलेली नवी कोरी नायलॉनची दोरी त्यानं दांड्याखालच्या पिशवीतून काढली आणि डबा कॅरिअरला करकचून बांधला. स्टोव्हची पिशवी हँडलला अडकवली. मग कुंदा वरून बघत होती म्हणून वळणापर्यंत, आणि पुढे सवयीनं, तो सायकल हातानंच ढकलत गेला.

"बरीच गर्दी आहे," गिरणीवाला पट्ट्याच्या आवाजात ओरडला. "ठेवून जा. संध्याकाळी न्या."

"थांबतो," बाकावर जागा करून घेत शशिकांत म्हणाला. "मला रजा आहे."