हाय आणि आहे

वडूजच्या पल्लवीला ऑनलाइन उत्स्फूर्त भाषण स्पर्धेत विषय मिळाला, 'माझी माता'. तयारीला दोनच मिनिटं. तिचं बोलणं ऐकून परीक्षकबाई म्हणाल्या, "'हाय' चालणार नाही हं, 'आहे' म्हणायचं." ती दोन मिनिटं पल्लवीनं 'आहे' घोकण्यातच घालवली.

लाइव्ह सुरू झालं. "माझी माता त्यागमूर्ती आहे..."

समोर मोबाइल धरून उभी असलेली तिची आई, हरणाबाई, मधेच म्हणाली, "कुणाच्या तोंडानं बोलतीयास गं?"

पल्लवीचं डोकंच फिरलं. कॅमेऱ्यात रोखून बघत ती म्हणाली, "बाई, पयल्यापासनं सांगते. ही माझी आय हाय. शंभर मेंढरं नुसत्या आवाजावरनं वळखती. पर आत्ता तिला पोटची पोर वळखू आली न्हाई. आता तिला कळंल असंच बोलणार. नंबर तुमच्यापाशीच ठिवा!"