पोवळं जिथं चिकटतं

टप्. मग टपटपटप. समुद्रापासून लांबच्या कडा गावातल्या त्या सुन्न दुपारी छबुबाईंच्या माळेचा दोरा तुटला आणि लाल पोवळी फरशीभर उधळली. त्या वाकू लागल्या तशी रोहिणी उठली.

"तुम्ही बसा आत्या, मी वेचते."

"वेच बाई. तुजा जीव तसाबी पवळ्यातच हाय."

सासूच्या टोमण्यात रागापेक्षा धास्तीच जास्त होती. सकाळी मालवणहून रोहिणीच्या सरांचा फोन आला होता. लग्नाआधी तिनं बुड्या मारमारून अभ्यासलेलं प्रवाळ यंदा पाणी तापून पांढरंफटक पडलं होतं. काय मेलं, काय तगलं, ते बघायला जुनी वस्ती ओळखणारं माणूस हवं होतं. अख्खा हंगाम तिकडं काढायचा, लेकीला इथं ठेवून. होय की नाही, ते आज संध्याकाळपर्यंत सांगायचं होतं.

"आई, हे झाडाला लागतात?" आरोहीनं एक मणी डोळ्याशी धरला.

"नाही गं राणी. हे लांबच्या समुद्रातल्या एका जिवाचं हाड म्हण. आमच्या मालवणच्या प्रवाळाचं लांबचं भावकीतलं."

"तिकडं लई असतात?"

"थोड्याच जातीची. त्यांची पिल्लं कणीएवढी असतात, प्रवाह नेईल तिकडं वाहत जातात. आसपासच्या समुद्रात ज्या जाती नांदतात, त्यांचीच पिल्लं येणार. त्यातही आली ती सगळी जगत नाहीत. आमच्याकडं पावसाळ्यात नद्यांचा गाळ येतो, पाणी गढूळतं. ज्याला ते सोसलं, ते खडकाला चिकटलं आणि वाढलं."

"म्हंजी सुनांवाणीच की," छबुबाई नव्या दोऱ्यात मणी ओवत म्हणाल्या. "येत्यात कुठून कुठून. टिकायचं ते ह्या घरच्या पाण्यावर."

रोहिणीला हसू आलं, पण ते ओठांशीच विरलं. देवगडच्या माहेरातून ती इथं आली तेव्हा पहिला उन्हाळाभर तिला हवेत खारा वास सापडत नव्हता.

"चिकटल्यावर परत पोहता येतं?" आरोहीनं विचारलं.

"नाही. एकदा बसलं की जन्मभर तिथंच."

"पाणी तापलं तरी?"

"तरी."

बाजूला ठेवलेला फोन थरथरला. पडद्यावर सरांचं नाव. छबुबाईंचा ओवता हात थांबला. त्या सुनेकडं बघत राहिल्या. रोहिणीनं फोन हातात घेतला, पण उचलला नाही.

आरोही तिच्या मांडीत शिरली, मूठभर मणी तिच्या ओंजळीत ओतले आणि तिची हनुवटी आपल्याकडं वळवून तिनं विचारलं,

"आई, तू चिकटलीस, का अजून पोहतीस?"