पेटत्या चुलीचं घर

"साहेब, चूल चालू हाय," मुकादम नरसिंग म्हणाला आणि त्यानं खांद्यावरची पहार खाली ठेवली. त्याच्या मागच्या गड्यांनीही आपापल्या पहारी ठेवल्या आणि सगळे लिंबाच्या विरळ सावलीत उकिडवे बसले.

"चालू आहे तर काय झालं?" साहेब जीपपाशी उभे होते. "झोपड्या पाडायच्या आहेत. स्वयंपाक कुठे करायचाय आपल्याला?"

नरसिंग नुसता हसला. साहेब पुण्याकडचे, त्यांना काय सांगायचं आणि कुठून सांगायचं! माळावरच्या झोपडी-झोपडीतून धूर निघत होता. दुपार टळत आली तरी बायका चुलीपुढून उठायला तयार नव्हत्या. तुऱ्हाट्या संपल्या तशा त्यांनी कुडाच्या काटक्या ओढून घातल्या होत्या.

साहेबांचा थर्मास धरून शिपाई लिंबाजी बाजूला उभा होता. त्याला सगळं ठाऊक होतं. त्याच्या गावात, देवणीच्या अलीकडे, चूल पेटती असली की त्या घराला कुणी हात लावत नसे. भावाभावांची वाटणी असो नाहीतर जप्ती असो, चूल विझेपर्यंत माणसं ओट्यावर बसून राहत. नरसिंगचे गडीही त्याच भागातले. माळावरची बहुतेक माणसं त्याच गावची. बहात्तरच्या दुष्काळात ती रस्त्याची खडी फोडायला आली. दुष्काळ सरला, रस्ता झाला, माणसं मात्र परतली नाहीत. परत जाण्यासारखं तिकडे होतं काय? एकामागून एक येत गेला आणि निम्मं गाव लातूरच्या या माळावर वसलं. तेव्हा इकडे कुत्रंही फिरकत नव्हतं. मग लातूरचा जिल्हा झाला आणि शहराच्या अंगातच आलं. रोज नवी कचेरी, नवा साहेब, नवी कॉलनी. ज्याला कुणी फुकट हात लावला नसता त्या माळावर आता क्वार्टर्स व्हायच्या होत्या. साहेबांची जीप ज्या रस्त्यानं आली त्याची खडी याच लोकांनी फोडलेली होती, पण हे विचारतंय कोण!

लिंबाजीही त्यांच्यातलाच, फक्त वेळेवर सुटलेला. ऑफिसात रोजंदारीवर चिकटला, शहरात भाड्याची खोली केली. नव्या जिल्ह्यात जागा भरणार होत्या आणि आपण कायम होऊ या आशेपायी तो साहेबांच्या मागे-मागे फिरत होता. आज माळावर जायचं म्हटल्यावर रजा घ्यावी असं त्याला वाटलं होतं. पण मागायची हिंमत झाली नाही.

शेवटी साहेबच कंटाळले. ऊन मी म्हणत होतं. "जाऊ दे. वरिष्ठांना काय ते ठरवू दे," असं म्हणून त्यांनी ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितलं.

आणि इथंच लिंबाजीची जीभ वळवळली. कुणी विचारलं नव्हतं. आपण किती कामाचे आहोत हे साहेबांना दिसावं, एवढीच त्याची हौस.

"साहेब, एकीची चूल इझली की बाकीच्याबी आपापली इझवत्यात बघा. मंग हे गडी मागं सरत न्हाईत."

साहेबांनी त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "असं? मग विझव की."

पंखा बंद कर म्हणावं, इतक्या सहज ते म्हणाले. नरसिंगनं चमकून वर पाहिलं. नाही म्हणायला अजून वेळ होता. लिंबाजीनं थर्मास जीपमध्ये ठेवला आणि तो चालू लागला.

पहिलीच झोपडी साखराबाईची. नात्यानं ती त्याची कुणी नव्हती. गावची म्हणून माय. दुष्काळात कामावर तो तापानं फणफणला होता, तेव्हा त्याची हजेरी बुडू नये म्हणून हिनं आपल्या ढिगाची खडी पाटी-पाटीनं त्याच्या ढिगावर ओतली होती.

"ये रं लिंबाजी!" भाकरी थापता थापता तिचा चेहरा उजळला. "सकाळधरनं तुझीच वाट बघून राहिले. म्हनलं, आपला मानूस हाय हापिसात, येईलच. बस, गरम भाकर खा."

तो बसला नाही. कोपऱ्यात घागर होती, निम्मीच भरलेली. त्या उन्हाळ्यात टँकरचा काही भरवसा नव्हता. त्यानं घागर उचलली.

"अरं, घागर कशाला उचलतूस? तांब्या हाय की तितं," साखराबाई म्हणाली. "लई तहान लागली जनू."

त्यानं घागर चुलीत उपडी केली.

चर्र आवाज झाला. राख उसळली आणि तव्यावरच्या भाकरीवर काळं पाणी उडालं. साखराबाईचा पिठाचा हात तसाच परातीवर राहिला. तिनं शिव्या घातल्या असत्या, कानाखाली वाजवली असती, तर बरं झालं असतं. ती रिकाम्या घागरीकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "प्यायाचं होतं रं ते."

लिंबाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंड लपवावं म्हटलं तर झोपडीला एकच दार होतं आणि त्या दारात सगळे जमले होते.

बाकीच्या चुलींपर्यंत कुणाला जावंच लागलं नाही. बायकांनी आपल्याच हातानं लाकडं मागे ओढली, निखाऱ्यांवर राख लोटली; शेजारात मयत झाल्यावर करतात तसं. नरसिंग पहार घेऊन उठला आणि लिंबाजीच्या अंगावरून, त्याच्याकडे न बघता, पुढे गेला. संध्याकाळपर्यंत माळ मोकळा झाला. परतताना लिंबाजीला जीपमध्ये पुढे बसायला मिळालं.

घरी त्यानं बायकोला काही सांगितलं नाही. पण सिंधूही त्याच गावची. तिच्या कानावर यायचं थोडंच राहणार! तिनं ताट वाढलं आणि एवढंच विचारलं, "माय कुटं निजली असंल आज?"

उजाडताच तो नळावर घागर भरून खांद्यावरून घेऊन निघाला. रस्त्यापलीकडे नाल्याच्या कडेला माणसं संसार मांडून बसली होती. साखराबाईनं तीन दगड लावले होते, काटक्या रचल्या होत्या.

"माय, पानी आनलंय."

"ठिव तितं."

रात्रभर जुळवलेल्या बोलण्यातलं त्याला एक अक्षर आठवेना. "माय, माजं चुकलं," एवढंच तो कसंबसं म्हणाला.

काटक्या सारख्या करत तिनं विचारलं, "सायेब खूश हाईत का तुज्यावर?"

त्यानं मान खाली घातली.

"कायम करतील?"

"म्हनत्यात तसं."

"करू दे. सिंधूचे हाल तरी संपतील." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा त्यानं गिळला असता.

तिनं काड्यापेटी हातात घेतली, पण उघडली नाही. "जा आता तू. मला चूल पेटवायचीय."

"पेटव की माय. मी बसतो जरा."

"न्हाई. तू जा."

लिंबाजी उठला. रस्ता ओलांडून त्यानं मागे पाहिलं. काड्यापेटी मुठीत आवळून साखराबाई तशीच बसली होती, तो दिसेनासा व्हायची वाट बघत.